चौदा मिलिमीटर

शेवंती खवणेकरच्या बोटांच्या बेचक्यांतून
मी कापसाची काडी फिरवली
तेव्हा ती हसली, गुदगुल्या होतात म्हणाली,
आणि मग हात पटकन पदराखाली घेतला.

कोळंबी सोलणारा हात.
पहाटे चारपासून बर्फात, मिठात,
कोळंबीच्या डोक्यावरच्या करवतीत.
बेचक्यांत फुगून पांढरी पडलेली कातडी,
करंगळीच्या मुळाशी पू.

दुसऱ्या दिवशी ताटलीवर उगवले
गोल, चकचकीत, पिवळे ठिपके.
पुस्तकात लिहिलंय : द्राक्षांच्या घडासारखे दिसतात.
मालवणात द्राक्षं कुठली,
मी मुलांना सांगते, करवंदांचे घोस बघा.
जंतूच्या नावात 'ऑरियस' आहे, म्हणजे सोन्याचा.
शेवंतीचं दुसरं सोनं पतपेढीत आहे.

मुलांनी पाला आणला. निगड, करंज,
एकाने तर अख्खी फांदीच, मुंग्यांसकट.
आगळाची बाटली कुणाच्या तरी आईने दिली
आणि परत मागितली.
उंडीच्या बिया शेवंतीनेच आणल्या,
साखरेच्या पिशवीतून,
"आमच्या होडयेक ह्याचाच त्याल लावतो, बघ चलता काय."
माझ्या घरचा मिक्सर त्या दिवसापासून
चटणीला चालत नाही.

गाळणकागदाच्या चकत्या पाडल्या
ऑफिसातल्या फायलींना भोकं पाडायच्या यंत्राने,
कुकरच्या तीन शिट्ट्या जास्त दिल्या, खात्री म्हणून.
रात्री लाईट गेली.
मे महिना होता,
खोलीच उबवत राहिली सगळं.

निगडीभोवती काही नाही.
जंतू अगदी चकतीला टेकून, शेजारी बसल्यासारखे.
आगळ नऊ.
नुसतं स्पिरिट सहा, आणि चकतीच सहाची,
म्हणजे शून्य.
उंडी चौदा.
तिच्याभोवती स्वच्छ रिंगण,
जिथे कुणी पाऊल ठेवलं नव्हतं.
मुलांनी टाळ्या वाजवल्या.
दवाखान्यातल्या गोळीचं औषध चोवीस होतं,
ते मी फळ्यावर जरा बारीक लिहिलं.
मग पुसून मोठं लिहिलं.

"चवदा म्हणजे किती गो?"
मी तिला तिच्याच अंगठ्याचं नख दाखवलं.
ती बघत राहिली ताटलीकडे, उजेडात धरून,
लग्नाच्या साडीचं पोत बघावं तशी.
"आणि ह्यात बर्फ खय आसा?"

बर्फ नव्हता.
खारं पाणी नव्हतं, किलोमागचा दर नव्हता,
हातमोजे घातले की सोलणं मंदावतं
म्हणून ते काढायला लावणारा विनू कंत्राटदार नव्हता.
ताटलीत जंतूंना खायला शेवाळाची खळ होती
आणि दिवसभर निवांतपणा.

डॉक्टर काझींनी गोळ्या दिल्या, सात दिवसांच्या,
मधे सोडू नका म्हणाले,
आणि कागदाच्या खाली लिहिलं : हात कोरडे ठेवणे.
तिने माझ्याकडून वाचून घेतलं.
"हात सुके रवले तर पोट खय भरतला?"
याचं उत्तर मी सूक्ष्मजीवशास्त्रात
एम.एस्सी.पर्यंत कुठे शिकले नाही.

सातव्या दिवशी पू गेला.
नवी कातडी आली, गुलाबी, तान्ह्या बाळाची असते तशी,
आणि ती पुन्हा बर्फात गेली.

अहवालात ती आहे :
नमुना क्रमांक तीन, स्त्री, वय एक्केचाळीस,
व्यवसाय मत्स्यप्रक्रिया.
'निष्कर्ष'खाली मी लिहिलं, आशादायक.
खोडलं.
लिहिलं, अधिक अभ्यासाची गरज.
तेही खरंच होतं, पण कुणाच्या अभ्यासाची
ते लिहायला तक्त्यात रकाना नव्हता.

उरलेलं तेल बाटलीत तसंच होतं, काळपट हिरवं.
परवा ती येऊन मागून घेऊन गेली.
मी घाईने म्हटलं, अगं, जखमेवर नको लावू,
अजून काही सिद्ध झालेलं नाही.
"हाताक नाय गो," ती दारातून म्हणाली,
"होडयेक.
ती पण दिसभर पाण्यात आसता."