गैरहजर

जेलरोडला, सभागृहाच्या पहिल्या मजल्यावर
साडेबाराला पंगत बसते.
साठीपुढचं कुणीही या,
आधारची झेरॉक्स द्या, जेवा.
वही माझ्याकडे.

गांगुर्डे मुरलीधर, वय एकोणऐंशी, निवृत्त, नोट प्रेस.
त्यांच्या नावापुढे मी सलग तेवीस दिवस फुली मारली.
फुलीला काही लागत नाही,
पेन तिरपं, पुन्हा तिरपं.

मग सिलिंडरवाल्या पोरानं विचारलं,
ताई, ते खाली बसतात ते बाबा कोण?

खाली.
चपलांच्या रॅकपाशी, भिंतीला टेकून,
डावा हात मांडीवर ठेवलेला,
जसा दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतलाय.
म्हणाले, वास येतो इथवर.
आज मटकीत काळा मसाला कमी पडलाय.

खरंच पडला होता.

अठरा पायऱ्या.
भाताचं पातेलं घेऊन मी रोज चढते,
कधी मोजल्या नाहीत.
त्यांनी मोजल्या होत्या.
उभी हयात नोटा मोजलेला माणूस.

डबा पाठवते खाली, मी म्हटलं.
डबा सूनही देते हो, ते म्हणाले,
मला शेजारी कुणीतरी भुरके मारणारं पाहिजे.

पार्किंगमधल्या स्कूटर हलवायला
सेक्रेटरींना नऊ दिवस लागले.
एका माणसासाठी? ते विचारत राहिले.
पंगत खाली उतरली त्या दिवशी
वहीत नसलेली अकरा माणसं आली,
एक वॉकर, दोन कुबड्या,
आणि शरणपूरहून रिक्षानं एस्तेरबाई, डोळ्यांनी पूर्ण अधू.
ताट घड्याळासारखं सांगायचं असतं, त्यांनीच शिकवलं.
तीनला भाजी, सहाला वरण.
आणि बाराला काय, बाई?
बाराला लोणचं. आमचे बारा कधीच वाजलेत.
हसल्या, ठसका लागला, पाणी नऊला होतं.

हौसाबाईंना ऐकू येत नाही.
वाढताना आता ओरडत नाही मी,
समोर जाऊन उभी राहते.
ताटावर तळवा आडवा म्हणजे पुरे.
तळवा हलला, तर अजून अर्धी.

एका हातानं चपाती तुटत नाही.
हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं.
तुकडे करून देऊ का, विचारलं
तर गांगुर्डेबाबांनी आधी इकडेतिकडे पाहिलं.
दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्याच चपात्या
तुकडे करून वाढल्या.
निकम गुरुजी चिडले, आम्हाला काय हात नाहीत?
चिडू देत.

काल बाबांनी वही मागितली.
उजव्या अंगठ्यानं पानं सरकवली, जुन्या सवयीनं थुंकी लावून.
तेवीस फुल्या. त्यातले दोन दिवस
बिटको दवाखान्यात होतो, म्हणाले,
बाकी एकवीस खालीच.
मी व्हाइटनर काढला.
राहू दे. चुकलेला कागद आम्ही फेकत नव्हतो,
मोजून वेगळा ठेवायचो.

आज वहीत सहा फुल्या.
भांडी घासून झाली की पत्ते घेऊन निघेन.
पहिला पत्ता चौथ्या मजल्याचा आहे.