पापणीची घडी

रानडे रोडवर छेडाशेठच्या दुकानात
माझे डोळे हाच नमुना.
सकाळी दहाला लावलेलं रात्री साडेआठला
जसंच्या तसं दिसलं, तर माल खपतो.
एसी आहे, पण त्याचं तोंड गिऱ्हाइकांकडे.
ऑक्टोबरात काउंटरच्या आमच्या बाजूला
घाम पापण्यांपासून सुरू होतो.

ती आली भर दुपारी, पर्स पोटाशी धरून.
"सकाळी लावलं की संध्याकाळपर्यंत टिकेल, असं काही?"
लग्न आहे का घरात, मी विचारलं, सवयीने.
"उलटं," ती म्हणाली. "बांद्र्याला, कोर्टात. तारीख आहे."
मग पर्सची चेन लावत, "रडेन मी.
पण रडलेलं दिसायला नको."

मी स्टूल पुढे ओढलं.
स्टूलवर बसलं की मी सगळ्यांना अगं म्हणते.

आधी पापणीवरचं तेल टिपायचं.
पुसायचं नाही गं, टिपायचं.
क्रीम जाड थापलंस की संपलं,
दुपारपर्यंत ते घडीत जाऊन बसतं
आणि उघडमीट करता करता रेघ उमटते.
मुगाच्या डाळीएवढा प्रायमर, दोन्ही डोळ्यांना मिळून.
अनामिकेने लाव. त्या बोटाला जोर नसतो.

आता खाली बघ. साठ मोजेपर्यंत वर बघू नकोस.
तिने मोजले, मोठ्याने, शाळेत पाढे म्हणतात तसे.
सदतीसला आवाज फाटला.
मी कंगव्यांच्या रॅककडे पाहत राहिले.
अडतीसपासून ती पुढे गेली.

मग पावडर, फुंकरीने उडेल इतकीच.
पेन्सिलीची रेघ, आणि तिच्यावर त्याच रंगाची कोरडी शेड
दाबून, दाबून. ओल्यावर कोरडं बसलं की हलत नाही.
खालच्या पापणीला काही नको,
पाणी आधी तिथे साठतं.
आणि रडू आलंच, तर हात वर नेऊ नकोस.
मान पुढे कर, थेंब सरळ खाली पडू दे,
फरशीवर. फरशी कोर्टाची आहे.

"आई म्हणायची, संसाराची घडी नीट बसव,"
ती आरशात हसली,
"आणि तुम्ही घडी बसू नये म्हणून एवढा खटाटोप करता."
मी प्रायमरचं खोकं शोधत होते. ते हातातच होतं.

बिलावर नाव सांगितलं, शर्वाणी पोतनीस.
दारापर्यंत जाऊन परत आली,
"सामंत करता का?"
शेठने पोतनीस खोडलं. रेघ जरा जोरात गेली,
कार्बनखालच्या कॉपीवरही उठली.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात, गर्दीत,
कोपराने वाट काढत ती आली. डोळ्यांना काहीच नव्हतं.
"टिकलं," म्हणाली. "सहापर्यंत. तसूभर हललं नाही.
मी रडलेच नाही. तो रडला.
त्याच्या खिशात रुमालच नव्हता.
मी ठेवायचे ना रोज."

मग आवाज खाली आणून,
"पण रात्री निघेना हो. साबण लावला, घासलं,
डोळे लाल झाले, आणि मग जे सुरू झालं
ते दूधवाल्याने बेल वाजवेपर्यंत."

वीस वर्षं टिकवायचं शिकवते आहे मी.
काढायचं कुणी विचारत नाही,
म्हणून सांगायचंही राहतं.

"खोबरेल," मी म्हटलं. "कापसाला लाव,
मिटल्या डोळ्यावर नुसता ठेवून दे. आपसूक सुटतं.
घरात असेलच."
"घरात नाही अजून," ती म्हणाली. "नवीन घर आहे.
तुमच्याकडे मिळेल?"

आमच्याकडे खोबरेल नसतं.
समोरच्या गल्लीत वाण्याकडे जा म्हटलं, छोटी बाटली घे.
ती काहीच न घेता गेली.
शेठने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
पाच वाजत आले होते.
मी टिपकागद काढला आणि आरशात बघून
डाव्या पापणीवर ठेवला.