उजवी बाजू

मी छपरावर उभी असते.
प्रेक्षकांच्या वर, दिव्यांच्या खाली,
छत्तीस स्पॉटर एका रांगेत, वळचणीच्या पारव्यांसारखे,
प्रत्येकाच्या तोंडाशी एक माइक.
खाली अर्ध्या मैलाची डांबरी परात,
कडा उचललेली.
सोळा सेकंदांत एक फेरी. अशा पाचशे.
सगळ्या डावीकडे.
या धंद्यात उजवं वळण
घरी जातानाच काय ते लागतं.

कोय लेडफर्डला उजव्या डोळ्यानं दिसत नाही.
हे त्याला माहीत, मला माहीत,
आणि डोंगरापलीकडच्या एका डॉक्टरला,
ज्याला रेसमधलं ओ की ठो कळत नाही.
फेब्रुवारीत कडेला नुसतं धुरकट होतं,
मग कुणी खिडकीवर घोंगडी टाकावी तसं.
तपासणीच्या आदल्या रात्री
तक्त्यावरची अक्षरं मीच त्याच्याकडून घोकून घेतली,
टायरांच्या ट्रकमध्ये बसून,
पाढे घोकतात तशी.

म्हणून मी बोलते.
बाहेर एक. दाराशी. अजून दाराशी.
मागच्या चाकाशी. बंपरशी.
मोकळं.
मोकळं हा शब्द मी उधार देत नाही.
तो ऐकला की कोय भिंतीकडे सरकतो,
न बघता,
झोपेत पांघरूण ओढावं तितक्या सहज.

आमच्या आजोबांचं खेचर होतं, डॉली नावाचं.
गोड ज्वारीचे धांडे चरकात घालायचे,
आणि ती गोल गोल फिरायची, डोळ्यांना झापड,
संध्याकाळी कढईत काकवी.
मी विचारलं होतं, तिला कंटाळा येत नाही का?
आजोबा म्हणाले, तिला वाटतं ती कुठंतरी चाललीय.
मग थोडं थांबून म्हणाले, तू मध्ये बडबडू नकोस,
ती तुझ्या आवाजावर चालते.

रात्र चढली तशी चाकांच्या आत निखारे फुलले.
टायरांचा चुरा केसांत, दातांत,
खालच्या लोकांच्या उकडलेल्या शेंगांत.
कुणीतरी भिंतीला घासलं, पिवळा झेंडा,
पुन्हा हिरवा.
चारशे एक्क्याऐंशीवी फेरी. कोय दुसरा.
त्याच्या बाहेर ब्रॅन्सन पिकेट,
बावीस वर्षांचा, गालावर अजून पुटकुळ्या,
ब्रेक नावाची वस्तू गाडीत असते हे न पटलेला.

बाहेर एक. दाराशी.
दाराशी.
दाराशी, मी म्हणाले, तिसऱ्यांदा,
आणि पोरगं तेव्हा मागं पडलेलं होतं.
बंपरच्या मागं हातभर डांबर दिसत होतं,
दिव्यात चमकणारं, रिकामं.
माझ्या जिभेवर शब्द होता.
मी तो दिला नाही.

का, ते मला विचारू नका.
पोराचा चेहरा आठवला म्हणू?
ती घोंगडी आठवली म्हणू?
एक श्वास, जास्त नाही.
तेवढ्यात पोरगं पुन्हा आलं, गेलं,
त्याच्या शेपटाला धरून आणखी एक गेला.
कोय चौथा आला.

रेस संपल्यावर पिटात तो गाडीला टेकून बसला,
गुडघ्यांवर हेल्मेट, मानेवर ओला टॉवेल.
व्हर्लीन, तो तेव्हा होता का खरंच?
वीस वर्षांत त्यानं मला हे कधी विचारलं नव्हतं.
होता, मी म्हणाले.
त्यानं मान हलवली. पाणी प्यायला.
मी त्याच्याकडे बघितलं नाही,
स्टॉपवॉचची दोरी गुंडाळत राहिले
आणि पुन्हा सोडत राहिले.

मग पिकेटचं पोरगं आलं, टोपी काढून,
कोयच्या उजव्या अंगाला उभं राहिलं
आणि हात पुढे केला.
कोय समोर बघत बसला.
हात तसाच हवेत.
पोराचे कान लाल व्हायला लागले.

बाहेर एक, मी हळूच म्हणाले. दाराशी.

कोय उठला. आणि जन्माची सवय,
डावीकडून वळला, पूर्ण फेरी घेऊन,
आणि त्याचा हात धरला.