परत पाठवणं

आरोंद्याच्या नाक्यावर माझी नोकरी म्हणजे
गाडी थांबवायची, डिकी उघडायला लावायची,
बाटल्या निघाल्या तर कागद मागायचा
आणि नसला कागद तर पुलावरून मागे वळवायचं.
अकरा वर्षं झाली. झोपेतसुद्धा
माझा हात आडवा होतो, असं शालन सांगते.

वैजूच्या टाचेमागे गाठ आली तेव्हा ती नऊची होती.
मग कोपरांवर दोन. पिवळसर. दुखायच्या नाहीत.
आवडाकाकी म्हणाली, "कुरपां आसात ती, जातली."

सावंतवाडीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून चष्मा काढला :
एवढ्याशा पोरीला एवढं कोलेस्टेरॉल?
अंडं बंद, तूप बंद, कोळंबी बंद.
भाजी द्या भरपूर. शेंगदाणे चालतील. तिळाचं तेल चालेल.
आम्ही दिलं.
लाल माठ, टाकळा, वालाची उसळ, कुळथाची पिठी,
आणि शालन काजूच्या कारखान्यात,
म्हणून पाकळी-तुकडा घरात डब्याडब्याने.
पोरगी शहाणी. ताट चाटूनपुसून उठायची.

गाठी वाढल्या.

वर्षाने तिचं रक्त बर्फात बसून कुठे लांब गेलं,
आणि बेळगावच्या डॉक्टरबाईंनी
आमच्याच बिलाच्या पाठीवर चित्र काढलं :
प्रत्येक पानात, प्रत्येक बीमध्ये
एक मेणासारखं काही असतं, झाडाच्या भिंतीचा गिलावा.
आपल्या कोलेस्टेरॉलचं चुलत भावंड.
फरक केवढा? शेपटाला दोन कार्बन जास्त.
पित्ताच्या फेसात दोघं एका होडीत बसतात,
जागेसाठी एकमेकांना कोपरं मारतात,
आणि आतड्याच्या धक्क्याला उतरतात.
तिथे एक दार आहे, दोन फळ्यांचं.
ते शेपूट ओळखतं.
झाडाचं जे असेल ते उचलून पुन्हा पाण्यात टाकतं.
शंभरातले चार-पाच निसटतात;
त्यांना यकृत हुडकतं, पित्तातून परत लावून देतं.
रोज. तुमच्या पोटात, माझ्या पोटात.

मी हसलो. माझंच खातं की हे,
फक्त बिनपगारी.

तुमच्या मुलीच्या दाराची, बाई म्हणाल्या,
एक फळी बसलेलीच नाही.
मग पेन टेकवून विचारलं,
तुमचं गाव, यांचं माहेर, किती अंतर?
शालनने खिडकीबाहेर पाहिलं.
मधे चार माड आणि एक कुंपण, मी म्हणालो.
दोघांकडे एकेक मोडकी फळी होती, लपलेली.
आमचं काही अडलं नव्हतं त्यावाचून.
तिला दोन्ही मोडक्याच मिळाल्या.

आता घरात उलटा कायदा.
काजू बंद, दाणे बंद, तीळ बंद, तेल चमच्याने मोजून.
मासा चालतो. तिसऱ्या नाहीत,
कारण तिसरी खाडीचं सगळं हिरवं गाळून पोटात धरते.
पालेभाजी बेताने. आणि एक गोळी,
जी धक्क्यावर उतरूच देत नाही कोणाला फारसं.
शालन कारखान्यातून येताना
दारातच पदर झटकते, नखं घासते,
जणू सालीचा कण जरी उडाला तरी.

"बाबा, म्हणजे मी थोडी झाड आहे का गो?"
मुलांना विचारतात तसं मला "गो" म्हणते लाडात.
मी म्हटलं, अभ्यास कर.
मग रात्रभर तेच डोक्यात :
तिच्या रक्तात माठ, वाल, काजूची बी,
कोणी अडवलं नाही म्हणून राहून गेलेली,
टाचेशी, कोपरापाशी, पिवळी.

गाठी जरा मऊ पडल्यात. बाई म्हणतात, वेळ लागेल.

काल पहाटे तीनला टेम्पो आला.
दुधी, कोबी, मेथीच्या जुड्या, वर ओलं गोणपाट.
ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, भाजी फक्त."
कागद बरोबर होते.
माझा हात वर गेला होता, तो खाली येईना.
बॅटरीच्या उजेडात मेथीवर पाणी चमकत होतं,
आणि मागून हॉर्न वाजत होता.