उताराआधी तीनदा

ऑरिनच्या पिकअपला चारही चाकांना ड्रम.
पासष्टचं मॉडेल, आमच्या लग्नाहून सहा वर्षांनी थोरलं.
थांबायचं म्हटलं की गाडीचा नि मालकाचा स्वभाव एकच :
आधी ऐकायचंच नाही,
मग एकदम डावीकडे ओढायचं.

सॅमन नदीकडे उतरणारा सात मैलांचा रस्ता
मी बत्तीस वर्षं उतरले,
मागे चाऱ्याचे गठ्ठे, शेजारच्या सीटवर कुत्री,
आणि वळणाच्या अर्धा मैल अलीकडून पेडल दाबायचं तीनदा.
एक पकडायला, एक खात्रीला,
एक देवाला.

ओले ड्रम तर कुणाचेच नसतात.
ओढ्यापलीकडचं फाटक आम्ही दोनदा नवं केलं.

मार्चमध्ये ओंडक्यांच्या लॉरीमागे
पाय थेट तळाला टेकला.
डोंगराला घासत घासत उभी केली गाडी.
घरी मी काही बोलले नाही.
दाराचा पत्रा बोलला.

गोठ्यामागे, गुडघाभर काट्यांत, लायलचा ट्रक.
सत्त्याऐंशीचा. इंजिन बसलेलं,
पण पुढच्या डिस्क जवळजवळ कोऱ्या,
जायच्या आदल्या महिन्यात स्वतः बसवलेल्या.
एक हंगाम बोटीवर काम करतो, अलास्कात, म्हणाला होता.
सहा हंगाम झाले.
बापलेकांचं बिनसलं कशावरून
ते दोघांनाही आता धड आठवत नसावं,
तरी अबोला मात्र दोघांनी निगुतीने सांभाळलाय,
वर्षाला तेलपाणी करून.

फोन मीच लावला, शेडमध्ये, टूलबॉक्सवर उभा करून.
"त्याला विचार, नुसते कॅलिपर काढून चालतील का."
"त्यांना सांग, नाही. नकलसकट काढा.
मास्टर सिलिंडरही माझाच घ्या,
तुमचा एकाच खान्याचा, एक नळी फुटली की सगळंच गेलं."
मागे समुद्रपक्षी भांडत होते.
"आणि तो पितळी व्हॉल्व विसरू नका,
पुढेमागे दाब वाटून देणारा.
नाहीतर मागची चाकं आधी अडकतात."
ऑरिन नटावर वाकलेला. बराच वेळ काही नाही.
मग फोनकडे न बघता :
"कितीचा पाना?"
तिकडूनही बराच वेळ काही नाही.
मग आकडा.

गंजलेला नट दोन दिवस हलला नाही.
मेणबत्तीचं मेण लावलं, तापवला, शिव्या दिल्या,
तिसऱ्या दिवशी दोन बोटांनी सुटला.
आणि सगळं बसल्यावर कळलं की चाकच बसत नाही :
आमच्या चाकाला सहा भोकं, लायलच्या हबला पाच बोल्ट.
म्हणून आता पुढची चाकं मुलाची, मागची बापाची,
आणि स्टेपनी दोन.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात.
एक आत, एक खाली.
ऑरिनचे कान चाळीस वर्षांच्या करवतीने नेलेले,
म्हणून बोलणं पान्याने, चासीवर.
एक टक् : दाब. दोन टक् : सोड.
मी दाबत होते, तो बरणीत बुडबुडे मोजत होता.
संध्याकाळ झाली. बुडबुडे संपले.
मग एकच टक् झालं.
मी दाबून धरलं,
पुढचे दोन टक् येईनात.
खाली वाकून पाहिलं, तर हा पाठीवर तसाच पडलेला,
हातात पाना,
लायलने कॅलिपरवर खडूने लिहिलेलं
डा. पु.
अंगठ्याने न पुसता वाचत.

शनिवारी उतरले. चारा नव्हता, कुत्री होती.
पायाचा नुसता भार पडला
आणि कुत्री सीटवरून खाली,
थर्मास तिच्यामागे,
माझी छाती स्टिअरिंगवर.
रस्त्याच्या मधोमध, काही कारण नसताना,
आम्ही थांबलो होतो.
कुत्रीने माझ्याकडे असं पाहिलं
की तेवढी माफी मी जन्मात कुणाची मागितली नव्हती.

लायलला सांगितलं. हसला. विचारलं,
"ते काय म्हणाले?"
म्हटलं, चाकं बरी दिसतात, म्हणाले.

एवढं सगळं बदललं,
पण वळणाच्या अर्धा मैल अलीकडे
पाय आपला आपण उचलला जातो.
एक. दोन.
तिसरं मी हल्ली
हळूच, पेडलला न लावता,
हवेतच दाबते.