परकारने सांगितलेला पिक्चर

फेरी सुटायला दहा मिनिटं होती.
तिकीट फाडता फाडता मकबूल परकार म्हणाला,
"तो बघाच. मी दोनदा बघितला.
म्हातारा धक्क्यावर दिवा लावतो,
मुलगा येत नाही, तरी लावतो.
तिथं रडलो मी, खोटं कशाला."

धोपाव्याला उतरलो. रात्री लावला,
मोबाइल पाण्याच्या पिंपावर टेकवून,
रेंज तिथेच येते.

मारामारी होती, एक लग्न, बराच बर्फ.
म्हातारा होता. दिवा नव्हता.
मागे नेऊन पुन्हा पाहिलं,
धक्काच नव्हता कुठे.

सकाळी तीच फेरी.
"काय, लावतो ना दिवा?"
पलीकडे दाभोळच्या जेटीवर
एक बल्ब उन्हातही चालूच होता.

"लावतो," म्हटलं,
आणि सुटे पैसे मोजत बसलो.