सादळलेला पियानो

बातुमीत समुद्र जिन्यानं वर येतो,
बूट न काढता.
संगीतशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर इझोल्दाबाई म्हणाल्या:
अठरा पट्ट्या दाबल्या की दबूनच राहतात,
आणि मधला रे तर
एकदा बोलला की दिवसभर मौन.

पियानोच्या पोटात त्यांनी चाळीसचा दिवा लावून ठेवलेला,
अंडी उबवायला ठेवावीत तसा.
बरं केलंत, म्हटलं, पण एवढ्यानं भागणार नाही.

पुढची फळी काढली. मळसूत्रं सैल केली.
अख्खा सांगाडा उचलून टेबलावर घेतला:
पंच्याऐंशी हातोड्या,
प्रत्येकीच्या बुडाशी टाचणीएवढी पितळी पिन,
पिनेभोवती लाल बनातीची चिंधी,
नखातल्या चंद्राएवढी.
आजार सगळा तिथं.
बनात हवा पिते, फुगते, पिनेला आवळते;
हातोडी तारेवर जाते खरी,
पण परतताना रेंगाळते
निकाल हातात घेतलेल्या पोरासारखी.

औषध वडलांचं.
तीन भाग चाचा, आमच्याच द्राक्षांच्या चोथ्याची,
एक भाग पाणी.
सुईच्या टोकानं सांध्या-सांध्याला थेंब.
हो, ओलीवर ओलच.
बनात आणखी एकदा फुगते,
पिनेवर स्वतःला दाबून घेते,
आणि वाळली की त्या मापाची होऊन बसते.
दारू आपली लवकर उडून जायला.
बाई बाटलीकडे बघत म्हणाल्या, उरलेली कुणाची?
म्हटलं, वैद्याची.

सात सांधे ऐकेनात.
पिनांवर हिरवट कळकट थर चढलेला.
त्या ठोकून काढल्या, भोकं हलक्या हातानं घासली, नव्या बसवल्या.
हातोडी आडवी धरून सोडायची:
पाच-सहा झोके घेऊन थांबली तर ठीक.
जास्त झुलली तर खडखडते, कमी तर अडते.
माझ्या लग्नात हे कुणी मोजलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी
सगळ्या पट्ट्या उडायला लागल्या.
बाईंनी नऊ वर्षांच्या तेओनाला बसवलं.
दो. मग रे.
रे दाबला तिनं,
आणि न बघताच अंगठ्यानं
पट्टीची कड खालून उचलली.

रे केव्हाच वर आला होता.

पुन्हा दाबला. पुन्हा अंगठा.
बाई काही बोलल्या नाहीत.
खाली रस्त्यावर कुणीतरी
संत्र्यांच्या पेट्यांवर ताडपत्री ओढत होतं.

बाटलीत घोटभर उरली होती.
मी बूच घट्ट लावलं
आणि दिवा तसाच जळत ठेवला.